वाणात लाटणं

संक्रांत आली की मला आमच्या गोरेगावच्या चाळीतलं हळदीकुंकू आठवतंच. मंडळाचं असायचं, दरवर्षी रथसप्तमीच्या आधीचा रविवार, मधल्या पटांगणात सतरंज्या आणि एक माईक जो हमखास कुईं करायचा. तिळगूळ, उखाणे, मग वाण, आणि वाणाच्या आधी खालच्या मजल्यावरच्या आजींचं भाषण. भाषण कसलं, गप्पाच, आणि विषय दरवर्षी तोच, आमच्या गोरेगावच्या समाजवादी पुढारी मृणालताई गोरे.

आम्ही पोरं कंटाळायचो हो, खोटं कशाला बोलू. आम्हाला ते तोंडपाठ झालेलं, की ताईंनी डॉक्टरकीचं शिक्षण सोडलं, बंडू गोरेंशी लग्न केलं, 1958 ला बंडू गेले तेव्हा लेक लहान, पण दोघांनी मिळून घेतलेलं काम काही त्यांनी टाकलं नाही, 1961 ला मुंबई महापालिकेत निवडून गेल्या आणि पाण्यासाठी हंडे घेऊन बायकांना रस्त्यावर काढलं. म्हणून पाणीवाली बाई. आजी हे सांगताना पाण्याच्या रांगेत कोण कोणाशी भांडलं तेही सांगायच्या, नावासकट, आणि त्यातल्या अर्ध्या बायका समोरच बसलेल्या असायच्या!

एका वर्षी नवीन लग्न होऊन आलेल्या एकीने विचारलं, आजी पण मग त्यांच्या मुलीकडे कोण बघायचं? आजी भडकल्याच. म्हणाल्या पुरुष पुढाऱ्याला विचारलंस का गं कधी? मग जरा थांबल्या आणि स्वतःचंच सांगायला लागल्या की 72 साली ताईंच्या महागाईविरुद्धच्या थाळी-लाटणं मोर्चाला त्या स्वतःच्या पोरीला कडेवर घेऊन गेल्या होत्या, एका हातात पोर मग थाळी वाजवायची कशी, तर पोरीलाच थाळी धरायला दिली आणि आजींनी लाटणं हाणलं 😄 ती पोर म्हणजे आमच्या शाळेतल्या बाई, त्या तिथेच बसून लाजत होत्या. मला तोपर्यंत माहीतच नव्हतं.

पुढचं आम्हाला आवडायचं. आणीबाणीत ताई आधी भूमिगत, मग तुरुंगात, आणि 77 ला इंदिरा गांधी हरल्या आणि ताई खासदार झाल्या. आजी माईक हातात घेऊन ओरडायच्या, पाणीवाली बाई दिल्ली में, आणि सगळं पटांगण, दिल्लीवाली बाई पानी में! माझ्या मते अख्ख्या कार्यक्रमातला बेस्ट भाग हाच, उखाण्यांपेक्षाही.

2012 च्या जुलैमध्ये ताई गेल्या. पुढच्या संक्रांतीला मंडळाने वाण म्हणून लाटणी आणली, कोणाची आयडिया ते अजून भांडणात आहे. आजींना तेव्हा उठून उभं राहता येत नव्हतं. त्या खुर्चीत बसूनच म्हणाल्या थाळी आणा कोणीतरी, आणि जी काय वाजवली, तिळगुळाचीच थाळी ती, सगळा तिळगूळ सतरंजीवर, पोरं वेचतायत आणि बायका हसतायत आणि रडतायत पण.

आता चाळ नाही, टॉवर झालाय, ताईंच्या नावाचा उड्डाणपूल आहे गोरेगावात, त्यावरून जाते मी रोज. ते लाटणं आईकडून मी मागून घेतलं. एका टोकाला जरा वाकडंय, पोळी गोल होत नाही त्याने, नवरा म्हणतो नवीन आण.

नाही आणत.