पाणी ओसरल्यावर कशाला जाता?

डोंगरातल्या पूरग्रस्त गावांकडे आमचं डॉक्टरांचं पथक निघायच्या तयारीला लागलं की हा प्रश्न हमखास येतो. नातेवाईक विचारतात, बरोबर शिकलेले डॉक्टर विचारतात, देणगी देणारे तर आवर्जून विचारतात. "पाणी कधीच ओसरलं, बातम्याही थांबल्या. आता डोंगरात जाऊन काय करणार?" खरी गरज होती तेव्हा तुम्ही कुठे होतात, असंही काहींना म्हणायचं असतं. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देऊन भागत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

पहिल्या दोन-तीन दिवसांचं काम आमचं नाहीच. ढिगाऱ्यातून माणसं बाहेर काढतात ती शेजारपाजारची माणसं, आणि नंतर पोचणारे जवान. त्या दिवसांत वर जाणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये किलोकिलोचा हिशेब असतो. दोर, स्ट्रेचर, सॅटेलाइट फोन, धान्य आधी जायला हवं. रक्तदाबाचं यंत्र गळ्यात अडकवलेली मी तेव्हा तिथे नुसती जागा अडवेन.

आमची गरज नंतर लागते, आणि त्याचं कारण डोंगराच्या रचनेत आहे. सपाट मुलखातला पूर दिवसच्या दिवस साचून राहतो. डोंगरातला पूर काही तासांत येऊन जातो, पण जाताना पूल, पायवाटा, नळाची लाइन घेऊन जातो. जून 2013 मध्ये केदारनाथच्या वरचा चोराबारी तलाव फुटला, तेव्हा मंदाकिनीच्या खोऱ्यात हेच झालं. शिवाय डोंगरात सपाट जागा मिळते ती बहुतेक नदीकाठीच. त्यामुळे बाजार, शाळा, औषधाचं दुकान, दवाखाना सगळं तिथेच उभं राहतं आणि पुराच्या तोंडी तेच आधी जातं. ऑगस्ट 2010 मध्ये लेहला ढगफुटी झाली, तेव्हा शहराच्या मुख्य रुग्णालयातच चिखल शिरला होता.

वरच्या अंगाला वसलेल्या गावाला पाणी शिवलेलंही नसतं. घरं उभी, माणसं धडधाकट, त्यामुळे नुकसानीच्या यादीत गावाचं नावच नसतं. पण खालचा दवाखाना गेलेला, रस्ता गेलेला, आणि रोज घ्यायच्या गोळ्या संपत आलेल्या. आमचं निम्म्याहून जास्त काम अशा गावांत असतं.

एका शाळेच्या वर्गात आम्ही तपासणी मांडली होती. एक आजी आल्या. त्यांनी पदराच्या गाठीतून गोळ्यांचं रिकामं पाकीट काढलं, नीट चौघडी केलेलं, आणि "हीच पाहिजे" म्हणाल्या. रक्तदाब निघाला 210 वर 120. डोकं दुखतंय का, चक्कर येते का, छातीत काही होतंय का, सगळ्याला उत्तर "नाही". खोदून विचारल्यावर कळलं की रस्ता तुटल्याचं कानावर आलं, त्या दिवसापासून त्या दोन दिवसांआड एक गोळी घेत होत्या. पुरवून पुरवून. घरात मीठ-पीठ पुरवून वापरायची आयुष्यभराची सवय, तीच त्यांनी गोळ्यांना लावली होती, आणि पाकीट संपल्यावर गप्प बसल्या होत्या. अशा माणसाला पक्षाघात झाला तर त्याची नोंद पुराचा बळी म्हणून कुठेच होत नाही. मला हे फार लागतं.

फिटच्या गोळ्यांचं तर त्याहून वाईट. त्या अचानक बंद झाल्या की वर्षानुवर्षं न आलेली फिट येते, कधी एकामागून एक येत राहते. क्षयाचे नेहमीचे उपचार सहा महिन्यांचे. ते मध्येच तुटले की आजार औषधाला दाद देईनासा होण्याची भीती असते. इन्सुलिन घेणाऱ्यांकडे फ्रिज चालू नसतो. वापरात असलेली कुपी थंड, सावलीच्या जागी साधारण चार आठवडे टिकते, एवढं सांगितलं तरी घरच्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो, कारण वीज गेल्याबरोबर ती फेकून द्यायची वेळ आली असं त्यांना वाटलेलं असतं.

पुरामुळे होणारे आजारही पुरासोबत येत नाहीत. जुलाब पहिल्या आठवड्यातच सुरू होतात. लेप्टोस्पायरोसिस मात्र उंदरांच्या आणि गुराढोरांच्या लघवीने दूषित झालेल्या चिखलातून, पायाच्या भेगांतून शरीरात शिरतो आणि बहुतेकदा 5 ते 14 दिवसांनी डोकं वर काढतो. म्हणजे ज्यांनी अनवाणी चिखल उपसला, ते आम्ही पोचतो त्याच सुमारास तापाने फणफणलेले असतात. पोटऱ्या दाबल्या की कळवळतात, डोळे लाल असतात. या टप्प्यावर साध्या, स्वस्त अँटिबायोटिकने काम होतं. चार दिवस अंगावर काढलं तर मूत्रपिंडं आणि फुप्फुसं धरली जाण्याचा धोका असतो, आणि तिथून खाली न्यायला रस्ता नाही. कावीळ आणखी उशिरा येते. हेपटायटिस ए सरासरी चार आठवड्यांनी दिसतो, ई कधीकधी दोन महिन्यांनी. ई प्रकारची कावीळ शेवटच्या तिमाहीतल्या गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते. म्हणून कुठल्याही गावात शिरल्यावर मी पहिल्यांदा गरोदर बायका किती आणि कोणाचे दिवस भरत आलेत, हे विचारते.

जखमांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथेच लोकांशी सर्वांत जास्त वाद होतो. दगडा-पत्र्याने कापलेली, चिखल भरलेली जखम घेऊन माणूस येतो आणि "टाके घाला" म्हणतो. मी घालत नाही. भरपूर स्वच्छ पाण्याने धुते, मेलेली कातडी काढते, धनुर्वाताचं इंजेक्शन देते आणि जखम उघडी ठेवून वर सैलसर ड्रेसिंग करते. तीन ते पाच दिवसांनी ती लाल, स्वच्छ दिसली तरच टाके. घरच्यांना वाटतं, डॉक्टरीणबाईंना टाके येत नाहीत किंवा दोरा संपलाय. पण वरून शिवून टाकलेल्या घाणेरड्या जखमेत आत पू कोंडतो. कोणीतरी घाईने घातलेले असे टाके मी कितीदा तरी उसवले आहेत. पहिला टाका कापताच आतून जे बाहेर येतं ते एकदा पाहिलेला नातेवाईक पुन्हा वाद घालत नाही. आणि हेही बघा, तीन ते पाच दिवसांनी टाके घालायचे तर डॉक्टर तेवढे दिवस तिथे हवा. सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्या शिबिरात हा उपचार होऊच शकत नाही.

पाण्याचं काम वरकरणी डॉक्टरचं नाही, पण मी ते दुसऱ्या कोणावर टाकत नाही. झरा गाडला गेलेला असतो आणि गाव ओढ्याचं गढूळ पाणी भरत असतं. मदतीत क्लोरीनच्या गोळ्या भरपूर आलेल्या असतात, पण गढूळ पाण्यात टाकलेली गोळी मातीतच खर्ची पडते, जंतूंपर्यंत पोचत नाही. आधी तुरटी फिरवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी दुमडलेल्या कापडातून गाळायचं, मग गोळी आणि अर्धा तास थांबायचं. त्यानंतर लिटरला निदान 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं दिसलं पाहिजे. वासामुळे बायका ते पाणी ओतून देतात. त्यांना रागावून उपयोग नाही. हंडा उघडा न ठेवता, तोंडाला कापड बांधून तास-दोन तास वाऱ्याला ठेवला की वास कमी होतो, हे त्यांच्यासमोर करून दाखवते आणि ते पाणी आधी मी पिते.

जुलाबाला सलाइनच लागतं, हा समज शहरातही आहे. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या द्रावणाचे पिंप भरून ते नातेवाइकांच्या हातात दिले. मृत्यूंचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं. आज पाकिटं तयार मिळतात, लहान मुलांना सोबत झिंक द्यायचं असतं. चमच्याचमच्याने पाजत रात्रभर बसायला आई किंवा आजी लागते, आणि त्या गावात असतातच.

आणखी एक भीती गावोगाव भेटते. मृतदेहांमुळे साथ येईल म्हणून लोक आणि अधिकारीही अंत्यविधी उरकायची घाई करतात. पुरात, दरडीत मेलेल्यांचे देह साथ पसरवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना हे वर्षानुवर्षं सांगते आहे. ओळख पटवायला, नातेवाइकांची वाट पाहायला वेळ द्या, असं मी हात जोडून सांगते. ज्या घराला आपलं माणूस शेवटचं बघायला मिळालं नाही, त्या घरातली माणसं पुढे छातीत धडधडतं म्हणून, झोप येत नाही म्हणून माझ्याकडे येतात, आणि त्यावर माझ्याकडे गोळी नसते.

"कशाला जाता?"च्या जोडीने दुसरा प्रश्न असतो: "घरातली उरलेली औषधं पाठवू का?" कृपा करून नको. 2004 च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाच्या आचे प्रांतात सुमारे 4,000 टन औषधं येऊन पडली; त्यातली बरीचशी त्या लोकांच्या उपयोगाची नव्हती, अनेकांवरची नावं तिथल्या कोणाला वाचता येत नव्हती, आणि ती नष्ट करण्याचा खर्च वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार दान दिलेल्या औषधाची मुदत निदान वर्षभर बाकी हवी. आपत्तीसाठी ठरवलेला प्रमाणित संच 10,000 माणसांना तीन महिने पुरतो, आणि त्यातला साध्या औषधांचा भाग हजार-हजार माणसांसाठी वेगळा काढता येतो. पुढची वाट पाठीवर ओझं घेऊन चढायची असते तेव्हा अशी बांधणी फार कामी येते. पैसे द्या, आम्ही यादीप्रमाणे घेऊ.

"मी डॉक्टर नाही, येऊ का?" असं विचारणाऱ्यांना मात्र मनापासून या म्हणते. औषधं लावून ठेवणारा, नोंदवही लिहिणारा, पाण्याच्या हंड्यांमागे फिरणारा, ओझं वाहणारा माणूस आम्हाला कायम कमी पडतो. स्वतःचं अंथरूण आणि शिधा बरोबर आणावा, कारण गावाच्या साठ्यातून एक घासही घ्यायचा नाही. आणि निदान दोन आठवडे द्यावेत. त्यांतले शेवटचे दोन-तीन दिवस तपासणी बंद ठेवून आम्ही गावातल्या आरोग्यसेविकेबरोबर नोंदवही ओळीओळीने वाचतो: कोणाच्या गोळ्या कधी संपणार, कोणाचं बाळंतपण कधी, कोणाची जखम अजून ओली आहे. ती वही तिच्याकडेच राहते. पुढच्या खेपेला आम्ही तिच्या यादीप्रमाणे औषधं नेतो.