नकार लेखी मिळत नाही तेव्हा: हर्नियाचं ऑपरेशन आणि एचआयव्ही

ऑपरेशन तासाभराचं. ते का करत नाही, हे कागदावर आणायला मला तीन आठवडे लागले.

तारीख ठरली होती. रक्ताचा रिपोर्ट आला आणि भूलतज्ज्ञ मिळेनासे झाले. मग ‘बेड नाही’, मग ‘आमच्याकडे तशी सोय नाही, मोठ्या हॉस्पिटलात जा’. खरं कारण कुणी बोलत नाही, लिहिणं तर दूरच. दुसरं हॉस्पिटल जरूर शोधा, दुखणं थांबत नाही. पण आधी कागद करा.

एचआयव्ही-एड्स कायदा 2017 चा, लागू 10 सप्टेंबर 2018 पासून. कलम 3 प्रमाणे एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं हा भेदभाव. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या दवाखान्याला तक्रार अधिकारी नेमावाच लागतो. रिसेप्शनवर विचारलं तर तक्रारवही पुढे सरकवली. त्या वहीत आजार लिहू नका, ती कुणीही चाळतं.

‘लेखी द्या’ म्हणत अडून बसण्यात माझे दोन आठवडे फुकट गेले. आपणच पत्र लिहायचं: अमुक तारखेला, इतक्या वाजता, अमुक डॉक्टरांनी असं सांगितलं, चूक असेल तर लेखी कळवावं. दोन प्रती, एकीवर पोच: सही, शिक्का, तारीख. पोच देत नसतील तर स्पीड पोस्ट करा, पावती जपा. लिफाफ्यावर आजाराचं नाव नको. नुसती ‘हायर सेंटरला रेफर’ अशी चिठ्ठी देत असतील तर त्यावर वैद्यकीय कारण मागा.

पत्राखाली ‘प्रत: लोकपाल’ लिहिलं, म्हणजे याच कायद्याखाली राज्य सरकार नेमतं ते, भ्रष्टाचाराचे लोकपाल नव्हेत. चौथ्या दिवशी भूलतज्ज्ञ सापडले! लोकपालांनी 30 दिवसांत निर्णय द्यायचा असतो, तातडीचा उपचार असेल तर शक्यतो 24 तासांत. पत्ता एआरटी सेंटरच्या (एचआयव्हीची औषधं मिळतात ते केंद्र) समुपदेशकांना विचारा, नाहीतर 1097 या हेल्पलाइनवर.

बिलात ‘स्पेशल किट’ असेल तर हटकाच. हातमोजे, गॉगल, सुयांची विल्हेवाट ही काळजी प्रत्येक रुग्णासाठी सारखीच. चाचणी न झालेला माणूसही त्याच टेबलावर झोपतो. कर्मचाऱ्याला सुई टोचलीच तर 72 तासांच्या आत औषध सुरू करून 28 दिवस घ्यायचं असतं, आणि ती सोय दवाखान्यानेच ठेवायची.

हो, एचआयव्हीच्या चाचणीआधी तुमची संमती लागते. भरतीच्या सह्यांच्या गठ्ठ्यात ती शोधून वाचा.

आणि टीएलडीची, म्हणजे एचआयव्हीची रोजची गोळी ऑपरेशनसाठी परस्पर बंद करू नका. नंतर अँटासिड दिलं तर गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्या. वॉर्डात एकाच वाटीत आणून देतात.