शेठने हॉस्पिटलचं बिल भरलं म्हणजे विषय संपला का?

मी ठाण्यात वागळे इस्टेटला एका कन्सल्टंटकडे पीएफ आणि ईएसआयचं (कामगारांचा सरकारी विमा) काम बघते, म्हणजे दर महिन्याची चलनं, नवीन लोकांची नावं टाकणं, सोडून गेलेल्यांची काढणं. कंटाळवाणंच आहे तसं. पण कुठल्या कंपनीत अपघात झाला ते आम्हाला लवकर कळतं, कारण संध्याकाळी फोन येतो की मॅडम एक नाव राहिलंय, आजच टाका ना, जॉइनिंग जरा मागचं दाखवा. वर्षभर मशीनवर उभ्या असलेल्या माणसाचं नाव "राहिलेलं" असतं आणि ते नेमकं त्याचा हात अडकला त्याच दिवशी आठवतं! आणि गंमत म्हणजे या लपवाछपवीची कामगाराला काहीच गरज नसते. ईएसआय लागू असलेल्या ठिकाणी कामावर झालेल्या अपघाताला पहिल्या दिवसापासून कव्हर आहे, अमुक महिने वर्गणी कापलेली असली पाहिजे वगैरे अट आजारपणाला आहे, अपघाताला नाही. नाव टाकलं नव्हतं ही मालकाची चूक, ईएसआय कॉर्पोरेशन कामगाराला देतं आणि मालकाकडून वसूल करतं.

ईएसआयमध्ये पगार 21,000 पर्यंतचे लोक येतात. उपचार फुकट, घरी बसलाय तोपर्यंत रोजच्या सरासरी पगाराच्या 90 टक्के, आणि कायमचं अपंगत्व आलं तर मेडिकल बोर्ड टक्के ठरवतं आणि त्या हिशोबाने आयुष्यभर पैसे. हे ज्याला मिळतं त्याने मग दुसऱ्या कायद्याखाली वेगळी भरपाई मागायची नसते.

पण दहापेक्षा कमी माणसांचे गाळे आहेत त्यांचं काय? रबाळे, महापे, पावणे, नवी मुंबईच्या सगळ्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात असे गाळे भरलेत, सहा-सात माणसं, दोन पॉवर प्रेस, एक ड्रिल आणि कोपऱ्यात चहाची टपरी असल्यासारखं ऑफिस. तिथे ईएसआय नाही म्हणून लोकांना वाटतं काहीच नाही. तिथे 1923 चा भरपाई कायदा होता, पूर्वी त्याला वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन म्हणायचे, 2010 पासून एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन झालं. (नोव्हेंबर 2025 पासून हे सगळं नवीन सामाजिक सुरक्षा संहितेत गेलंय, पण मी सांगतेय ती केस 2023 ची आहे.)

आमच्या ऐरोलीच्या बिल्डिंगमधला एक मुलगा, वय तीस, पगार 14,000, प्रेसवर काम. उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली. शेठने स्वतःच्या गाडीत घालून हॉस्पिटलला नेलं, पूर्ण बिल भरलं, घरी फळं घेऊन आला, सगळं खरं आहे, मी नाही म्हणत नाही. त्याची बायको मला म्हणाली, "ताई, शेठ देवमाणूस आहे हो." मग पंधरा दिवसांनी देवमाणूस स्टॅम्प पेपर घेऊन आला. 25,000 रोख घे आणि लिहून दे की आता माझी काही तक्रार नाही, तू घरचाच आहेस.

मी त्या दोघांना समोर बसवून हिशोब करून दाखवला. पगाराचे 60 टक्के म्हणजे 8,400. तीस वर्षांच्या माणसाचा फॅक्टर 207.98, तो कायद्याच्या तक्त्यातच दिलेला असतो, वय वाढेल तसा कमी होतो. गुणाकार साडेसतरा लाखांच्या आसपास जातो, ती झाली पूर्ण कायमच्या अपंगत्वाची रक्कम. पूर्ण तर्जनीला त्याच्या 14 टक्के. म्हणजे साधारण 2 लाख 44 हजार. वर औषधपाण्याचा खरा खर्च मालकानेच द्यायचा असतो, ते काही उपकार नव्हेत, आणि हात बरा होईपर्यंत दर पंधरा दिवसांना महिन्याच्या पगाराच्या पाव भाग.

बोटांच्या टक्क्यांचा तो तक्ता वाचायला विचित्रच वाटतो खरं, अंगठा 30, मधलं बोट 12, करंगळी 7, आणि जास्तीत जास्त पगार 15,000 धरायचा म्हणजे तीस हजार कमावणाऱ्या फिटरचं बोटही पंधराच्याच भावाने. ते मला अजिबात पटत नाही.

तो मुलगा घाबरला होता वेगळ्याच गोष्टीला. सुपरवायझर म्हणत होता मशीनचा गार्ड तूच काढला होतास, तुला काही मिळणार नाही. आता मुद्दाम सेफ्टी गार्ड काढला तर मालकाला तो बचाव आहे, बरोबर, पण तो त्याला सिद्ध करावा लागतो, आणि इथे प्रॉडक्शन वाढावं म्हणून गार्ड काढून ठेवलेला सगळ्या गाळ्याला माहीत होता. नुसतं लक्ष नव्हतं, झोप आली होती, यावरून भरपाई जात नाही. आणि तो स्टॅम्प पेपर? हक्क सोडतो असं लिहून घेतलेलं कायद्याने बादच आहे. समझोता करायचा तर तो भरपाई आयुक्तांकडे नोंदवावा लागतो, आपल्याकडे हे काम लेबर कोर्ट बघतं, आणि रक्कम कमी वाटली तर ते नोंदवायला नकार देऊ शकतात.

पुरावा म्हणाल तर पगार रोख होता, हजेरीचं रजिस्टर शेठकडे. कामाला आलं ते शेठच्याच व्हॉट्सॲप ग्रुपवरचं "उद्या सगळे आठला या" आणि हॉस्पिटलच्या केसपेपरवर लिहिलेलं "मशीनमध्ये हात". तो केसपेपर नीट बघत जा, तिथे कधीकधी "घरी पडला" लिहायला सांगतात.

वकिलाची नोटीस गेली. एक महिन्यात दिले नाहीत तर 12 टक्के व्याज आणि सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत पेनल्टी, हे त्यात होतं. शेठ पहिल्यांदा चिडला, घरच्यासारखं वागवलं आणि हे फळ मिळालं वगैरे, मग सीएने समजावलं बहुतेक. ठाण्याच्या लेबर कोर्टात समझोता नोंदवला, हिशोबाप्रमाणे रक्कम मिळाली, आणि तो मुलगा आता तुर्भ्याला एका गोडाऊनमध्ये स्टोअर बघतो.

शेठने उरलेल्या माणसांची इन्शुरन्स पॉलिसी काढली म्हणे. पेनल्टी लागली तर ती पॉलिसीतून निघत नाही, ती स्वतःच्याच खिशातून जाते, हे एजंटने त्याला सांगितलंय की नाही कोण जाणे.