तुम्ही विचारलंत म्हणून : जुनी छोटी गाडी आणि आपलं ऊन

"भो, पंधरा वर्षांची छोटी गाडी स्वस्तात मिळतेय. घेऊ का? दगा तर नाही ना देणार?" मी स्वतः तशीच गाडी वापरतो, म्हणून जळगाव-धुळ्याकडचे ओळखीचे लोक मला हे विचारतात. सगळ्यांचा डोळा मीटरवर असतो, गाडी किती पळाली त्याच्यावर. मीटर राहू द्या. सकाळी इंजिन थंड असताना जा, बॉनेट उघडा आणि रेडिएटरचं झाकण काढून आत बघा.

आत हिरवं किंवा लाल कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रंगीत द्रव, दिसलं तर मालकाने गाडी सांभाळली आहे. तांबूस, गढूळ पाणी दिसलं तर समजा की वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलंय. बाथरूममधल्या बादलीला जो पांढरा थर धरतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. जानेवारीत हे कळत नाही. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ वर गेला, एसी चालू आहे आणि गाडी गर्दीत अडकली, की इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकायला लागतो. काही छोट्या गाड्यांना तर काटाच नसतो, नुसता लाल दिवा. तो लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

त्या काळच्या ८०० ते १२०० सीसीच्या पेट्रोल इंजिनांना मी नावं ठेवणार नाही. रचना साधी, पार्ट स्वस्त, तालुक्याच्या गावातही मिस्त्री मिळतो. ऑइल वेळेवर बदललं तर ती म्हातारी होऊन जात नाहीत, तापून जातात. ॲल्युमिनियमचं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकतं, त्याच्या सांध्यातलं गॅस्केट जातं, पाणी ऑइलमध्ये उतरतं. ऐन उन्हाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली पांढरट फेस दिसला तर चहा प्या आणि घरी या.

गाडी पसंत पडली तर ती उभी ठेवून इंजिन वीसेक मिनिटं चालू ठेवा. रेडिएटरचा पंखा आपोआप लागला पाहिजे आणि बंदही झाला पाहिजे. मिस्त्रीला विचारा, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप, जागेवर आहे का. गाडी तापते म्हणून तो काढून फेकायची आपल्याकडे फार वाईट खोड आहे. मग डिसेंबरात धुळ्याचा पारा एक आकडी झाला की इंजिन गरमच होत नाही आणि पेट्रोल पीत राहतं. रेडिएटरच्या झाकणाचं रबरही बघा. झाकण आतलं पाणी दाबाखाली ठेवतं, त्या दाबामुळेच पाणी १०० अंशांना उकळत नाही, आणि हा पार्ट अगदी किरकोळ किमतीचा आहे.

बाकी दुखणी वयाची. सस्पेन्शनचे बुश, क्लच प्लेट, उन्हाने तडकलेले होज. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी बाजूचे चार आकडे वाचा : पहिले दोन टायर बनला त्या आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. गंजाची मात्र आपल्याकडे फार धास्ती नको, हवा कोरडी आहे. कोकणातून किंवा मुंबईहून आलेली गाडी असेल तर तेवढी खालून वाकून बघा.

आणि कागद. पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण लागतं, ते पाच वर्षांपुरतं मिळतं. वर पर्यावरण कर. हा खर्च कोणाच्या गळ्यात, हे सौदा ठरतानाच बोलून घ्या. नंतर विकणारा फोन उचलत नाही.