आबांची पाटी, ब्रायटनचे आजोबा

रविवारी व्हिडिओ कॉल लावला तर आबा थकलेले दिसले. विचारलं, काय झालं? "काही नहीं रे. सभा व्हती. सकाळीच गाडी ऊनी, दिनभर ठाण्यामा बसाडी ठेवं."

आदल्या रात्री त्यांनी बियाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून निळ्या ऑइलपेंटनं पाटी रंगवली होती: कपाशीला भाव द्या. मंडपात शिरणारही नव्हते, पारोळा रस्त्याच्या कडेला उभे राहणार होते. सभा संपली, नेत्यांचा ताफा गेला, मग पोलिसांनी सोडलं. पाटी परत मिळाली नाही.

गावाकडं वाटतं, ब्रिटनमध्ये कुठंही काहीही बोलता येतं. तसं नाही. २००५ साली ब्रायटनला मजूर पक्षाचं अधिवेशन होतं. परराष्ट्रमंत्री जॅक स्ट्रॉ इराकवर बोलत असताना वॉल्टर वोल्फगँग नावाचे ८२ वर्षांचे सभासद खुर्चीतूनच ओरडले, "नॉन्सेन्स!" स्वयंसेवकांनी त्यांना उचलून बाहेर काढलं. परत आत जाऊ लागले तर पोलिसांनी दहशतवादविरोधी कायद्याखाली अडवलं. हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून आलेला माणूस! दुसऱ्या दिवशी पक्षानं माफी मागितली.

सभागृह पक्षाचं, तिथं शिस्त पक्षाची, हे मला मान्य आहे. सभा उधळणं हा इथं ब्रिटनमध्ये १९०८ पासून गुन्हा आहे. आपल्याकडंही लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७ निवडणुकीच्या काळात तेच सांगतं, आणि ते बरोबरच आहे. आरडाओरडा करून वक्त्याला बोलूच न देणं म्हणजे ऐकायला आलेल्यांचा हक्क हिसकावणं.

पण आबा काय उधळणार होते? संविधानाचं कलम १९ शांततेनं, विनाशस्त्र जमायचा हक्क देतं. त्यावर वाजवी बंधनं येतात, जमावबंदीही लागते. पण पाटी धरलेला एकटा म्हातारा म्हणजे जमाव नव्हे. प्रतिबंधात्मक अटकेचं, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १५१, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १७०, दखलपात्र, म्हणजे वॉरंटशिवाय अटक करता येईल अशा, गुन्ह्याचा बेत असेल आणि तो दुसऱ्या मार्गानं रोखता येणार नसेल तेव्हासाठी आहे. भाव मागणं हा कुठला गुन्हा? नेत्याच्या नजरेला पाटी पडू नये, यासाठी कुठलंच कलम नाही. माझा खरा राग याच्यावर आहे.

हे सगळं आबांना फोनवर सांगितलं. ते गप्प ऐकत होते. मग म्हणाले, कलमांचे आकडे मोठ्या अक्षरांत लिहून व्हॉट्सॲपवर टाक, झेरॉक्सवाल्याकडून काढून घेतो. आणि आईला हाक मारून विचारलं, घरात दुसरं खोकं आहे का.