कात्री लागण्याआधी

कापडाच्या दुकानात जायची वेळ दुपारची. संध्याकाळी एकाच ताग्यावर चार जणांचे हात असतात आणि विक्रेत्याचं लक्ष पाचव्याच्या पिशवीकडे. दुपारी तो मोकळा असतो, जरा पेंगुळलेलाही असतो, आणि पेंगुळलेला विक्रेता खरं बोलतो. निदान माझा तसा ग्रह आहे.

त्या निवांतपणात एक गोष्ट नीट बघता येते. तागा धप्पकन काउंटरवर पडतो, दोन-तीन कोलांट्या घेतो, कापड पट्टीवर पसरतं, अंगठा खुणेवर टेकतो आणि कात्री किनारीला एवढीशी चीर देते. चीर पडली की व्यवहार संपला. चप्पल परत करता येते, इस्त्री परत करता येते, पण कुणाच्या तरी मापाने कापलेले 2.35 मीटर दुसऱ्या कुणाच्या कामाचे नसतात. त्यामुळे ‘कापलेले कापड परत घेतले जाणार नाही’ ही पाटी मला कधी उद्धट वाटली नाही. मात्र ज्याने ती लावली त्याने जे विचारायचं ते चीर पडायच्या आत विचारायला हवं. ‘या, बसा’, हसरा चेहरा, छानशी पिशवी हे सगळं ठीक. खरी ग्राहकसेवा त्या अर्ध्या मिनिटात होते, नाहीतर होतच नाही.

आणि बहुतेक ठिकाणी त्या अर्ध्या मिनिटात एकच प्रश्न येतो. ‘किती देऊ?’

आता किती हे गिऱ्हाइकाला ठाऊक असतं तर काय हवं होतं! पडद्याचंच घ्या. खिडकी 150 सेंटिमीटर रुंद. पडद्याला चुण्या पडायच्या तर कापड रुंदीच्या दुप्पट, म्हणजे 300. कापडाचा पन्हा, म्हणजे ताग्याची रुंदी, 115 असेल तर तीन पन्हे जोडावे लागतात. उंची 210, वरची घडी आणि खालचा दुमड मिळून आणखी 25, म्हणजे एका पन्ह्याला 235. तिनाला 7.05 मीटर. इथवर कुणीही पोचतो. पण कापडावर मोठी नक्षी असेल आणि ती दर 64 सेंटिमीटरनी पुन्हा येत असेल, तर जोडावर फुलाला फूल भिडवण्यासाठी प्रत्येक पन्हा 64 च्या पटीतच कापावा लागतो. 235 च्या पुढची पट 256. तिनाला 7.68 मीटर. वरचे 63 सेंटिमीटर आधी घेतले नाहीत तर पडद्याच्या मधोमध अर्धी फुलं अर्ध्या पानांना जोडलेली दिसतात, आणि तोवर तो तागा संपलेला असतो. जो विक्रेता ‘किती देऊ’च्या ऐवजी ‘कशाला हवंय?’ विचारतो, त्याला हे सगळं दोन वाक्यांत सांगता येतं. तो पन्हाही आधी सांगतो. 90, 115 आणि 150 या पन्ह्यांत एकच पोशाख बसवायला लागणारं कापड किती वेगवेगळं होतं, ते शिवणाऱ्याला सांगायला नको.

मोजणं हीसुद्धा एक कला आहे, आणि तिच्यात थोडी लबाडी मुरलेली आहे. कापड पट्टीवर ताणून धरलं आणि मीटरमागे 2 सेंटिमीटर ताण गेला, तर 7 मीटरला 14 सेंटिमीटर कमी भरतं. बहुतेक वेळा हे मुद्दाम नसतं, हाताची सवय असते. होजिअरीच्या ताणल्या जाणाऱ्या कापडात तर ताग्यालाच ताण असतो, गुंडाळतानाच ते ओढून गुंडाळलेलं असतं. ते सैल सोडून, क्षणभर टेबलावर पडू देऊन मग मोजायचं असतं. नाहीतर घरी येईपर्यंत कापड आपोआप आखडतं आणि आपण उगीच आपल्या टेपवर संशय घेतो. वार आणि मीटरचा घोळ वेगळाच. 1 वार म्हणजे 91.44 सेंटिमीटर. नमुन्याच्या कागदावर 5 मीटर लिहिलंय आणि मोजणाऱ्याने 5 वार दिले, तर जवळपास 43 सेंटिमीटर कमी. एका बाहीचं मरण.

मग आटणं. सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के सहज आटतं, विरळ विणीचं त्याहूनही जास्त. 235 सेंटिमीटरच्या पडद्याचे पाच टक्के म्हणजे 12 सेंटिमीटर. पडदा जमिनीपासून अर्धी वीत वर लटकायला एवढं पुरतं. सॅनफर्ड क्लुएट यांनी काढलेल्या पद्धतीत गिरणीतच कापड दाबून आधी आटवून घेतात, त्याला सॅनफोराइझ्ड म्हणतात. अशा कापडाचं आटणं एक टक्क्याच्या आसपास राहतं. विक्रेत्याला ‘आटतं का?’ विचारलं की ‘छे छे’ हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी ‘शिवायच्या आधी धुवून घ्यायला किती जास्त घेऊ?’ असं विचारून बघा. माणूस एकदम प्रामाणिक होतो. प्रश्नाचा रोख बदलला की उत्तराचाही बदलतो, हे या दुकानांत फार दिसतं.

कापायचं की फाडायचं यावरही मतं असतात, आणि माझं मत फाडण्याच्या बाजूचं आहे. साध्या विणीचं पातळ सुती कापड किनारीला चीर देऊन टर्रकन फाडलं की ते आडव्या धाग्यावरच फाटतं. सूत सरळ मिळतं. कडा थोडी चुरमडते, त्यासाठी दोन-तीन सेंटिमीटर वर घ्यावेत. सॅटिन, ट्विल, होजिअरी यांना हा उपाय नाही. तिथे कात्रीच. पण ताग्यावर कापड तिरकं गुंडाळलेलं असेल आणि विक्रेता पट्टीच्या आधाराने ‘सरळ’ कापत असेल, तर एका किनारीला तुमचं कापड भरतं आणि दुसऱ्या किनारीला 4 सेंटिमीटर कमी. सूत धरून नीट केलं की वापरायला मिळतं ते आखूड बाजूइतकंच. म्हणून जाणकार माणूस चीर दिल्यावर एक आडवा धागा ओढून काढतो आणि त्याने सोडलेल्या बारीक रेषेवरून कात्री नेतो. मिनिटभराचं काम. संध्याकाळी मागितलं तर कपाळाला आठी, दुपारी मागितलं तर कौतुक.

छापील कापडात आणखी एक खोड असते. सूत सरळ, पण छपाईच तिरकी. पट्ट्यांच्या कापडात एक पट्टा किनारीपासून किनारीपर्यंत डोळ्यांनी तपासावा. छपाई तिरकी असेल तर त्यावर जगात उपाय नाही. सुताला धरून शिवलं तर पट्टे कलतात, पट्ट्यांना धरून शिवलं तर कपडा अंगावर पिळतो. तागा परत फळीवर ठेवायला लावावा.

किनारीला कधीकधी लाल किंवा पिवळ्या धाग्याचं छोटंसं शेपूट लोंबत असतं. गिरणीतल्या तपासनिसाने ठेवलेली ती खूण. तिच्या समोर आत कुठेतरी विणीत दोष आहे: तुटलेला धागा, जाड गाठ, रंगाचा डाग. मुरलेला विक्रेता शेपूट दिसलं की थांबतो, कापड उजेडात धरतो, दोष दाखवतो आणि तेवढं कापड वर सोडतो. नवखा ते शेपूट नीटनेटकं दिसावं म्हणून कात्रीने उडवतो.

मखमलीला लव असते, तिच्यावर हात फिरवल्याशिवाय कापू नये. एका दिशेला तळवा गुळगुळीत सरकतो, उलट दिशेला अडतो. लव वर जाणारी ठेवली तर रंग गडद दिसतो, खाली जाणारी ठेवली तर फिका आणि चकचकीत. सगळे भाग एकाच दिशेने कापावे लागतात, उलटसुलट बसवून कापड वाचवता येत नाही, म्हणून ती मुळातच जास्त घ्यावी लागते. आणि मखमल घडी घालून पिशवीत कोंबणाऱ्या दुकानात मी पुन्हा मखमल घेणार नाही. दाबलेली लव पुन्हा उभी करायला वाफ द्यावी लागते, तरी घडीची रेघ काही वेळा राहतेच. नळीवर गुंडाळून, वरून कागद. एवढंच तर मागतोय.

रंग जुळवणं हा दाराशी जाऊन करायचा उद्योग आहे. दुकानातल्या दिव्याखाली कापड आणि दोरा तंतोतंत जुळतात, आणि उन्हात एक हिरवट, दुसरा निळसर. दोन्हींचे रंग वेगवेगळ्या रसायनांचे असतात. एका उजेडात ते सारखे भासतात, दुसऱ्यात त्यांचं बिंग फुटतं. म्हणून कापड, अस्तर, दोरा आणि झिप चौघांनाही एकदम दाराशी न्यावं. कापलेला तुकडा न्यायला कुणी अडवत नाही, पण अख्खा तागा उचलून दाराशी आणू देणारा विक्रेता विरळा. दुकानाची परीक्षा मी त्यावरच करतो. दोऱ्याचं रीळ नुसतं कापडावर ठेवून बघू नये, हातभर दोरा सोडून एकेरी धागा कापडावर आडवा टाकावा. रिळावर दोरा दाट दिसतो, एकेरी पडला की फिका होतो. नेमकी छटा मिळत नसेल तर एक छटा गडद घ्यावी, टिपेत ती मुरते. फिकी घेतली तर प्रत्येक टाका मोजून घेता येतो.

लोकरीच्या फळीसमोर वेगळा धोका. गुंड्यावरच्या पट्टीवर रंगाचा क्रमांक असतो आणि त्याच्याशेजारी लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या मालाचा. गिऱ्हाईक रंग बघतं, विक्रेता रंगाचा क्रमांक बघतो, लॉट कुणीच बघत नाही. एकाच रंगाचे दोन लॉट गुंड्यात सारखेच दिसतात, स्वेटर विणून उभा धरला की छातीवर आडवा पट्टा उमटतो. आठ गुंडे द्यायचे तर आठही पट्ट्या वाचून द्यायला हव्यात, आणि नववा ‘न उघडता आणलात तर परत घेऊ’ म्हणून द्यायला हवा. लॉट मिसळलेच तर उपाय आहे: सांध्याच्या जागी काही इंच दोन ओळी जुन्या गुंड्याच्या, दोन ओळी नव्या गुंड्याच्या असं आलटून पालटून विणत जायचं. फरक विरघळतो. पण हे सांगायला समोरच्याने कधीतरी सुया हातात धरलेल्या असाव्या लागतात.

भरतकामाच्या चौकटीच्या कापडाचंही तसंच. 14 नंबरचं कापड म्हणजे एका इंचात 14 चौकटी. नमुना 140 बाय 98 टाक्यांचा असेल तर भरलेला भाग 10 बाय 7 इंच. पण फ्रेमवर ताणायला आणि मागे दुमडायला प्रत्येक बाजूला 3 इंच हवेत, म्हणजे तुकडा 16 बाय 13. ‘दहा बाय सात ना, हा घ्या बारा बाय नऊ’ म्हणणारा चांगल्या मनाने म्हणतो. नुकसान तेवढंच होतं.

बटणांच्या नळीवर 24 लिहिलेलं असतं आणि लोक ते मिलिमीटर समजतात. ती लाइन असते, 40 लाइन म्हणजे 1 इंच. 24 लाइनचं बटण सुमारे 15 मिलिमीटरचं. सदऱ्याला नेहमी लागतं ते 18 लाइनचं, साडेअकरा मिलिमीटरच्या आतबाहेर. काज तयार असतील तर एक काजाचा तुकडा सोबत न्यावा, कारण काजाची लांबी म्हणजे बटणाची रुंदी अधिक जाडी, आणि घुमटदार बटणाची जाडी नळीवर छापलेली नसते.

35 सेंटिमीटरची झिप मागितली आणि ती नसली, तर दोन प्रकारची उत्तरं येतात. एक, ‘नाही’. दुसरं, ‘चाळीसची न्या, नायलॉनची आहे, हव्या त्या जागी आडवे सात-आठ टाके घट्ट घाला आणि त्याखाली दीड सेंटिमीटर सोडून कापून टाका. धातूची नेऊ नका, तिचे दात पक्कडीने उपटत बसावं लागेल.’ पहिल्याला अर्धा सेकंद लागतो, दुसऱ्याला पंधरा. हे पंधरा सेकंद कुणाच्या हिशेबात लिहायचे हा खरा प्रश्न आहे. काउंटरमागचा माणूस दिवसभर उभा असतो, जड तागे चढवतो-उतरवतो, त्याला शिवण कुणी शिकवलेली नसते, आणि जो थांबून विचारतो, समजावतो, त्याच्यासमोर रांग वाढते. रांग वाढली की मालक त्याच्याकडे बघतो. गिऱ्हाईकही काही कमी नसतं: वीस तागे उलगडायला लावून फोनवरच्या फोटोतला रंग शोधायचा, आणि शेवटी 10 सेंटिमीटर मागायचं. अशा वेळी तो ‘किती देऊ?’ एवढंच विचारतो, यात त्याचं चुकतं असं मला ठामपणे म्हणवत नाही.

बकरमाचं, म्हणजे कॉलर-पट्टीला ताठपणा द्यायला आतून लावतात त्या कापडाचं, सांगायचं राहिलंच. इस्त्रीने चिकटणाऱ्या बकरमाची एक बाजू बोटाला खरखरीत लागते, उजेडात बारीक ठिपके चमकतात, ती गोंदाची. ती कापडाच्या उलट्या बाजूवर ठेवायची, इस्त्री सरकवायची नाही, एका जागी 10-15 सेकंद दाबून मग उचलून पुढे न्यायची. आधी चिंधीवर बघायचं. आणि काळ्या कापडाला पांढरं बकरम देत असतील तर घेऊ नका. काळं येतं. आतल्या खणात असतं, वाकून काढायचा कंटाळा असतो इतकंच.