डायनॅमो घ्यावा तर कोणता

सायकलला दिवा लावायचा तर आज सगळ्यात सोपं म्हणजे चार्जिंगचा दिवा. हँडलला रबरी पट्ट्याने अडकवायचा, घरी आल्यावर काढायचा, मोबाइलशेजारी चार्जिंगला लावायचा. स्वस्त असतो, उजेडही भरपूर. एवढं असूनही काही माणसं डायनॅमोच्या, म्हणजे चाकाच्या फिरण्यातून वीज काढणाऱ्या यंत्राच्या मागे लागतात, आणि मी त्यांच्यातला. कारण साधं आहे. बॅटरीच्या दिव्याची आठवण आपण ठेवायची असते. डायनॅमोचा दिवा सायकलचा असतो. चाक फिरतंय तोवर तो आहे, त्याला रात्री कुणी पाजावं लागत नाही.

पुण्यात किंवा सांगलीत ज्यांचं कॉलेज सायकलवर झालं, त्यांना डायनॅमो म्हटलं की एकच आठवतो: बाटलीच्या आकाराचा, फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला कलता बसवलेला. टाचेने किंवा अंगठ्याने खटका दाबला की डोकं टायरला टेकायचं आणि घरघर सुरू. अंधार पडल्यावर बिनदिव्याच्या सायकलला पोलिस अडवायचे, त्या काळात ही घरघर म्हणजे चालतं-बोलतं परवानापत्रच होतं. पुढच्या माणसाला घंटीही वाजवावी लागत नसे.

त्या लहानशा बाटलीवर केवढा भार असतो बघा. ताशी 15 किलोमीटर वेगाने चाललेल्या सायकलचं मोठं चाक सेकंदाला जेमतेम दोन फेरे घेतं. त्याच्या कडेला टेकलेली दोनेक सेंटिमीटर व्यासाची चकती तेवढ्याच वेळात साठाहून जास्त वेळा फिरते. आत लोहचुंबक आणि तांब्याची गुंडाळी, बस. तेवढ्यावर 6 व्होल्ट, 3 वॉट. त्यातले 2.4 वॉट पुढच्या दिव्याला, 0.6 मागच्या लाल दिव्याला.

या यंत्राची खरी करामत मात्र उतारावर कळते. वेग दुप्पट झाला की व्होल्टेजही दुप्पट व्हायला निघतं, पण वीज उलटसुलट वाहण्याची गतीही त्याच प्रमाणात वाढते आणि गुंडाळी स्वतःच आपल्या विजेला तितकीच जास्त अडवू लागते. परिणामी कितीही पळा, प्रवाह साधारण अर्ध्या अँपिअरच्या आसपासच राहतो. वेगळं नियंत्रक यंत्र नाही, काही नाही. पण त्यालाही एक खोड आहे. मागचा बल्ब उडाला की त्याच्या वाट्याचा प्रवाहही पुढच्याला सोसावा लागतो आणि पुढचाही थोड्या वेळात जातो. पुढचा आधी उडाला तर मागच्याचं काय होत असेल ते सांगायलाच नको. कात्रजच्या उतारावर एकदम दोन्हीकडे अंधार झाला असं सांगणारी जुनी माणसं थापा मारत नसतात.

हल्ली एलईडी आल्यामुळे हा बल्बांचा कुटुंबसंहार थांबला. तेवढ्याच 2.4 वॉटमध्ये आता रस्त्यावर 100 लक्सपर्यंत (लक्स हे उजेडाचं माप) उजेड टाकणारे जर्मन दिवे मिळतात. त्यांचा झोत वरून कापलेला असतो, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. (आपल्या महामार्गावर हा शिष्टाचार एकट्या सायकलनेच पाळायचा, हे वेगळं.) सिग्नलला थांबल्यावर विझू नये म्हणून आत थोडी वीज साठवणारा एक कपॅसिटर असतो, तो काही मिनिटं मिणमिणता उजेड देत राहतो.

तर दिव्याचा प्रश्न सुटला आहे. घोळ आहे तो वीज कुठून घ्यायची याचा.

बाटलीचं पहिलं दुखणं पावसाचं. टायर ओला झाला, त्यावर लाल चिखल बसला की चकती घसरते, आणि नेमकं ज्या रात्री दिसत नाही त्या रात्री दिवा लुकलुकतो. चकतीवर रबरी टोपी घालून थोडा फरक पडतो. दुसरं, ती बसवण्यात कसब लागतं: बाटलीच्या मधून रेघ ओढली तर ती थेट चाकाच्या आसात जायला हवी, नाहीतर टायरची बाजू खरवडली जाते. तिसरं दुखणं वायरचं. बाटलीहून वायर एकच निघते, परतीची वाट सायकलच्या लोखंडातूनच. म्हणून बाटली बसवायच्या पट्टीला एक टोकदार स्क्रू असतो, तो रंग फोडून आतल्या धातूपर्यंत गेला पाहिजे. नवा रंग दिलेल्या सायकलचा दिवा का लागत नाही म्हणून लोक बाटली बदलतात. गंज किंवा रंग खरवडायचा कुणाच्या डोक्यात येत नाही.

दुसरा पर्याय हब डायनॅमो, म्हणजे पुढच्या चाकाच्या मधल्या तुंब्यातच (हबमध्ये) बसवलेला. हा काही नवा नाही. स्टर्मी-आर्चर कंपनीचा डायनोहब इंग्लंडमध्ये 1930च्या दशकात निघाला आणि 1984पर्यंत बनत राहिला. इथे चकती नाही, त्यामुळे घसरणं नाही आणि घरघरही नाही. चाकाच्या दोनच फेऱ्यांत भागवायचं असल्याने आत चुंबकाचे ध्रुव भरपूर घालतात, पंचवीस-तीसच्या घरात. दिवा लावायचा तर फक्त बटण.

पण हब म्हणजे घरजावई. काम असो नसो, जेवायला रोज हजर. दिवा बंद असला तरी चुंबक गुंडाळीपुढून फिरतच असतात आणि एखादा वॉट खातात. मी हिशेब करून पाहिला. स्वार आणि सायकल मिळून 85 किलो, वेग ताशी 18 किलोमीटर. बंद हब म्हणजे सपाट रस्ता किलोमीटरमागे पंचवीसेक सेंटिमीटर चढाचा झाल्यासारखं. दिवा लावून पाच-सहा वॉट गेले तर तोच चढ सव्वा-दीड मीटर. साध्या बाटलीचं ओझं याच्या दुपटीच्या आसपास सहज जातं, मात्र खटका उचलला की ती काहीच मागत नाही. खंबाटकी चढून आलेल्याला दीड मीटर म्हणजे काय! पायांना हबपेक्षा समोरचा वारा जास्त त्रास देतो.

जर्मनीत 2013पर्यंत साध्या सायकलला डायनॅमो कायद्यानेच लागायचा, त्यामुळे तिकडे या विषयावर माणसं अक्षरशः आयुष्य घालवतात. ट्युबिंगेनच्या विल्फ्रीड श्मिट यांचा सोन नावाचा हब त्यातला सरदार. फिरताना हब तापतो, पावसात भिजून एकदम गार होतो, तेव्हा आतली हवा आक्रसून बाहेरचं पाणी बेअरिंगमधून आत खेचते. ते होऊ नये म्हणून श्मिट यांनी आतला-बाहेरचा दाब सारखा ठेवायची सोय केली आहे. ताम्हिणीतला जुलै पाहिलेल्या माणसाला या एका गोष्टीसाठी तो घ्यावासा वाटतो. किंमत ऐकली की जपानी शिमानो कंपनीचा हब आठवतो. तोही चांगलं काम करतो, पण पाण्याची काळजी आपण घ्यायची.

रात्रभर सायकल चालवून 400 आणि 600 किलोमीटरचे ब्रेवे, म्हणजे ठरल्या वेळात पुरे करायचे लांब पल्ले, करणाऱ्यांत आपल्याकडे दोन-तीन बॅटऱ्या आणि पॉवर बँक हाच रिवाज आहे, आणि तो चुकीचा नाही. हबमधून मोबाइलही भरता येतो, पण तेवढ्याच तीन वॉटमध्ये; दिवसा मोबाइल, रात्री दिवा असं वाटून घ्यावं लागतं. रोज संध्याकाळी ऑफिसातून परतणाऱ्यालाच हब जास्त मानवतो असं माझं मत आहे, कारण विसरणं हा रोजच्याच प्रवासाचा रोग आहे.

मला तो बसवायचाय जिन्याखालच्या काळ्या सायकलला. तिच्या पुढच्या चाकाला 32 आरे, मागच्याला 40, जुन्या इंग्रजी रिवाजाप्रमाणे. हब 32 भोकांचा मिळतो, म्हणजे रिम तीच चालेल. कोपऱ्यावरच्या मिस्त्रींना सांगितलं तर ते हबचं चित्र बघत म्हणाले, “काका, दिव्यापायी अख्खं चाक उसवायचं? हबचा घेर मोठा आहे, आरे आखूड लागतील. चाकाचा आऊट, वाकडेपणा, काढायला अर्धा दिवस.” आऱ्यांचं माप काढून द्यायला ते तयार झाले. आता अडलंय ते फोर्कवर. हबला 100 मिलिमीटर जागा हवी, काळ्या सायकलचा फोर्क त्याहून अरुंद. मिस्त्री म्हणतात थोडा फाकवू, मी म्हणतो आधी मोजू.